हप्ता एकीचा, बसल्या पाचजणी

परवा कट्ट्यावर कर्जवसुलीवरून सच्याला सगळ्यांनी मिळून धुतलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री सगळ्यांत जास्त माहिती त्यालाच होती.

विषय काढला दिलप्यानं. इचलकरंजीत त्याचे आठ माग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणायची मजुरी याची. त्याच्या शेडवर कांड्या भरणाऱ्या मावशींनी बायकांच्या गटातून कर्ज काढलंय. नवरा कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला ॲडमिट, त्यात लागोपाठ दोन हप्ते चुकले. फायनान्सचा पोरगा संध्याकाळी दारात आला. गटातल्या बाकीच्या चौघींना त्यानं बोलावून घेतलं आणि मावशींच्या अंगणात बसवलं. पैसे गोळा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. साडेनऊ वाजले. एकीचा पोरगा दोनदा येऊन "आई, भाकरी कधी करणार?" म्हणून विचारून गेला. दिलप्या म्हणाला, "त्यानं एक शिवी दिली न्हाई. शिव्या दिल्या त्या बायकांनीच, मावशीला."

"मग त्याचा गुन्हा काय?" सच्या.

सच्या आता छोटा हत्ती चालवतो. त्याआधी दुचाकीच्या कर्जांच्या वसुलीवर होता. त्यामुळं सगळे त्याच्यावर तुटून पडले.

वकील मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या मार्चमध्ये मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे असल्या छोट्या कर्जांसाठी, नियम काढलेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोनसुद्धा करायचा नाही. नातेवाईक, मैत्रिणी, सोबत काम करणारे, कुणालाच त्रास द्यायचा नाही. बाकीच्या कर्जांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आठ ते सात अशी वेळ घालून दिलीय."

"नऊ ते सहा मावशी कुठं असतीया?" सच्यानं विचारलं. "शेडवर. मग तिथं जाऊन मागायचं? दिलप्यासमोर?"

दिलप्या गप्प.

"वसुली ठरलेल्या जागी करायची," वकील म्हणाला. "तिथं लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जाता येतं."

"दोनदा न्हाईच आली की! दवाखान्यात होती. म्हंजे घरी येणं नियमातच बसलं." वकिलाला हे मान्य करावं लागलं. सहानंतर येणं आणि चौघींना डांबून ठेवणं तेवढं नियमाबाहेर, असं तो म्हणाला. त्यावर सच्या म्हणाला, त्या चौघी नुसत्या मैत्रिणी न्हाईत, एकमेकींना जामीन हाईत, कंपनी हेच सांगणार. गटकर्जाची सगळी मेख इथंच आहे. दारात गुंड पाठवायची गरजच उरत नाही.

मग सच्या सुटला. "आमच्यात थकबाकीच्या बकेट असायच्या. तीस दिवस, साठ, नव्वद. नव्वदच्या वर गेलं की एनपीए, म्हंजे बुडीत खात्याकडं, मग मॅनेजरची वरनं लागायची. सकाळी साडेआठला कॉल, त्यात आमची आई-भैन. पगार कमी, इन्सेंटिव्हवर सगळं. आता तुम्ही सांगा, मी कुणाची आई-भैन काढणार?" जरा थांबून म्हणाला, "मी काढली न्हाई. पत्ता माहीत असला तरी शेजाऱ्याला विचारायचो. मोठ्यानं. अमक्याची गाडी हप्त्यावर हाय न्हवं, घर कुठलं? संध्याकाळपर्यंत पैसे यायचे. माणूस लाजंला भितो, कोर्टाला न्हाई."

हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. दम देणाऱ्याविरुद्ध तक्रार तरी करता येते, भारतीय न्याय संहितेचं ३५१ कलम आहे. पत्ता विचारणाऱ्यावर कसलं कलम लावणार?

आण्णा इतका वेळ ऐकत होते. पतसंस्थेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. "तुम्ही सगळे कर्जदाराच्या बाजूनं. पैसे कुणाचे असतात? बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तोही नाही. वसुली झाली नाही तर एखादी म्हातारी आपली ठेव मागायला रोज येऊन बाकड्यावर बसते. तिच्याकडं कोण बघणार?"

मुद्दा चुकीचा नव्हता. आमच्या भागात बुडालेल्या पतसंस्थेचं कुलूप बघितलेली घरं कमी नाहीत.

पण दिलप्या भडकला. "आण्णा, तुमची म्हातारी खरी. पण तुम्ही पकडलं कुणाला? जामीनदाराला!" त्याचे वडील सूतगिरणीत होते. एका मित्राला जामीन राहिले. मित्र हात वर करून मोकळा झाला आणि १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्यातला वसुलीचा हुकूम, निघाल्यावर कपात सुरू झाली ती वडिलांच्या पगारातून. "आणि त्या मित्रानं त्याच वर्षी घरावर मजला चढवला."

"पगारदार माणूस सापडतो," आण्णा शांतपणे म्हणाले. यापेक्षा प्रामाणिक उत्तर त्या रात्री कुणी दिलं नाही.

एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ च्या अहवालात पेशवाईतला तगादा लिहून ठेवलाय. ऋणकोला जेवू द्यायचं नाही, एका पायावर उभं करायचं, डोक्यावर दगड ठेवायचा. मी हे सांगायला गेलो तर सच्या म्हणाला, "इतिहास राहू दे. दिलप्या, तू सांग. मावशीचा पगार येळेवर दिलास?"

दिलप्या चहाचा ग्लास फिरवत बसला. "दोन आठवडं ऱ्हायलाय. यापाऱ्यानं माझी मजुरी अडकवलीया. दोन म्हैनं झालं."

"मग बस की त्याच्या दारात!"

वकिलानं पुन्हा कायदा काढला. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. दिलप्या हसला. "तक्रार केली तर विणायला पुढचं सुताचं बीम कोण देईल, तू?"

इथं मात्र कुणाकडंच उत्तर नव्हतं. व्यापाऱ्याच्या पेढीवर दिलप्या जातो तो हात जोडून, आणि दिलप्याकडं मावशी येतात त्याही तशाच. दोन हप्त्यांसाठी साडेनऊपर्यंत अंगणात बसायला लागलं ते फक्त मावशींना आणि त्यांच्या गटाला. आण्णा म्हणाले, हप्ता थकला तो थकलाच. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

शेवटी कामाचं बोलणं झालं. वकिलानं सांगितलं, पोरगा परत आला तर ओळखपत्र बघायचं, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. पोलिसात देतो म्हणाला तर घाबरायचं नाही. कर्ज थकणं हा गुन्हा नव्हे, चेक परत जाणं मात्र महागात पडतं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १४४४८ वर फोन केला तर मराठीतही बोलता येतं.

"मावशी सही करायची न्हाई," दिलप्या म्हणाला. "पोरीचं लगीन हाय. पुढचं कर्ज त्येंच्याकडनंच काढायचंय."

"मग पाचजणींनी करा," सच्या म्हणाला. "बसवताना गट चालतोय, तर सहीलाबी चालू दे."

वकिलानं तिथंच अर्ज लिहिला. कालपर्यंत तीन सह्या झाल्यात. उरलेल्या दोघींचे नवरे नको म्हणतायत. त्यातला एक आण्णांचा जुना थकबाकीदार निघाला, त्यामुळं त्याच्याशी बोलायला आण्णाच जाणार आहेत.