कायद्याच्या प्रबंधातले नवेपण कुठे शोधावे?

कायद्याच्या प्रबंधाची मौलिकता साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरून ठरवण्याची सवय मला घातक वाटते. वाङ्मयचौर्य पकडलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु कलमे आणि निकालपत्रांतील उतारे जसेच्या तसे देणे ही या विषयाची गरज आहे. तेथे एक शब्द बदलला तरी अर्थ बदलू शकतो. उलट, वाक्ये फिरवून तेच निवाडे कालक्रमाने सांगणारा प्रबंध ही तपासणी सहज पार करतो, मग त्यात स्वतःचा एकही विचार नसला तरी चालते.

सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त खासगीपणाच्या हक्कावर लिहिलेला लेख पाहावा. त्यातला ‘एकटे राहू देण्याचा हक्क’ हा गाजलेला शब्दप्रयोग मुळात न्यायाधीश थॉमस कूली यांचा, आणि लेखकांनी तसे नोंदवलेही आहे. आधारही जुनेच होते : अप्रकाशित पत्रांवरील हक्क, विश्वासभंग, आणि राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांच्या खासगी चित्रांची वर्णनात्मक यादी छापण्यास मनाई करणारा १८४९ चा इंग्लिश निवाडा. न्यायालये मालमत्तेची भाषा बोलत असली तरी प्रत्यक्षात व्यक्तीच्या व्यक्तित्वाचे रक्षण करत आहेत, हे त्या सर्वज्ञात निवाड्यांतून दाखवून देणे एवढेच नवे होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड होते.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी मथुरा या आदिवासी मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात दोन पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. नवा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा भेद त्यांनी त्याच निकालपत्रासमोर धरला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले; कोठडीतील बलात्कारासारख्या खटल्यांत, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ते सांगते.

म्हणून विषयाची नोंदणी होण्यापूर्वीच मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला विचारावे, की तुझे म्हणणे खरे ठरले तर कोणत्या निवाड्याचे आज रूढ असलेले वाचन टिकणार नाही? उत्तर सुचेपर्यंत नोंदणी थांबली तरी चालेल. अनेक वर्षे खर्ची घातल्यावर मौखिक परीक्षेत हाच प्रश्न प्रथम ऐकावा लागणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, आणि त्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.