एकशे नव्वद नग

काल रात्री साडेअकराला माझा अख्खा ग्रह काळोखात गेला आणि नेमके तेव्हाच बाबा पाणी प्यायला उठले. काळोखाचं काही नाही, तो आवरता येतो.

'डायसन स्फिअर प्रोग्राम' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांना फार सांगायला नको. वीज फ्यूजन प्लांटची, प्लांटला लागतात ड्यूटेरॉन रॉड, आणि रॉड येतात दुसऱ्या ताऱ्यावरून, जहाजाने. ते आलं नाही.

"काय झालं?"

"इंधन संपलं."

"मागवलं नव्हतंस?"

"मागवलंय. जहाज निघत नाहीये. २०० रॉड भरल्याशिवाय सुटत नाही, आणि तिकडे १९० आहेत."

बाबांनी पेला ठेवला, खुर्ची ओढली, चष्मा लावला. हयात भांडारात गेलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये.

"म्हणजे तिकडे १९० नग पडून, आणि इथे काळोख."

"हो."

"उरलेले दहा?"

"त्यांना टायटॅनियम अलॉय लागतं. ते इथून जातं."

"इथून म्हणजे, काळोखातून."

"हो, बाबा."

"ही भरल्याशिवाय न सुटायची अट कोणाची?"

"माझीच. ताऱ्यावरून ताऱ्यावर झेपायला एका फेरीला दोन वार्पर जळतात. अर्धं रिकामं जहाज कोण पाठवणार?"

"बरोबर. वार्पर वाचले. किमान साठा किती ठेवला होतास?"

मी गप्प. मग म्हणालो, रोबो घेऊन मीच जातो आणायला.

"मालक स्वतः हमालीला?"

१९६० साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने मांडलं होतं की प्रगत संस्कृती आपल्या ताऱ्याला वेढून त्याची सगळी ऊर्जा पकडेल. तो वेढा बांधायला मी बसलो होतो, आणि माझ्या वडिलांनी मला स्टॉक विचारला. दिवसभर ऑफिसात आवक-जावकच बघतो मी. रात्री तेच फुकट करतो, वर कामावर ताशेरेही घरातूनच.

शेवटी किमान भाराची पट्टी १०० टक्क्यांवरून १०वर ओढली. जहाज १९० रॉड घेऊन तत्काळ सुटलं. दीड तास मी जे कन्व्हेयरचे पट्टे, सोलर पॅनेल करत होतो, ते सगळं या एका पट्टीपुढे पाणी. बाबा काही बोलले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" अजून कानात आहे.

सकाळी कीबोर्डवर रेघांची वही होती. आवक, जावक, शिल्लक असे रकाने आखलेले, पहिली नोंद केलेली: 'रॉड, १९०'. पुढे शेरा: 'विलंबाने प्राप्त'. खाली सही.