तार्शीशची यष्टी

प्रभूनं पाचारण केलं आणि काम मनाविरुद्धचं निघालं, तर तोंडावर "नाही" म्हणू नका. बायबलात मत्तय 21 मध्ये बापानं कामाला धाडलेला पहिला पोरगा "नाही जात" म्हणाला, मग पस्तावून द्राक्षमळ्यात गेलाच. दुसरा "जातो बाबा" म्हणाला अन् घरी राहिला. तेव्हा उपासनेत पाळकांनी विचारताच पहिला "आमेन" तुमचाच पाहिजे.

कारण देताना मोशेच्या वाटेला जाऊ नका. 80 वर्षांचा अनुभवी माणूस, जळत्या झुडपापुढं एकामागून एक सबबी काढल्या. मी कोण, तुझं नाव काय सांगू, लोक ऐकणार नाहीत, जीभ जड आहे. इथवर ठीक चाललं होतं. शेवटी खरं बोलून बसला, "दुसऱ्या कोणाला तरी पाठव." देवाचा राग भडकला, सोबतीला अहरोन मिळाला आणि मिसर देशात जाणं काही चुकलं नाही.

त्यापेक्षा लूक 14 चा नमुना विदर्भात बारमाही चालतो. मेजवानीला न जायला सबब काय, तर एकानं शेत घेतलं, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्यानं बायको केली. आपल्याकडं जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, फवारणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, पाठोपाठ कापसाची वेचणी, पुढं तूर, उन्हाळ्यात लग्नं. मे अखेरीस चार दिवस रिकामे सापडतात खरे, पण 45 अंशाच्या उन्हात देव तरी कोणाला पाठवील?

तरी मन खात असेल तर गिदोनासारखं चिन्ह मागा. त्यानं लोकर खळ्यात ठेवली, एका रात्री लोकर ओली नि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलट. दोन्ही झालं आणि बिचारा लढाईत अडकला. तुम्ही जपून निवडा. मे महिन्यात पाऊस मागू नका, हल्ली अवकाळी येतो, गारपिटीसकट. "आठवडाभर दिवसा थ्री फेज लाइन टिकली तर जातो" म्हणा.

योना देवानं सांगितलेल्या निनवेला जायचं सोडून याफोत गेला आणि भाडं भरून उलट दिशेच्या तार्शीशच्या गलबतात बसला. आपली तार्शीशची यष्टी परतवाड्याहून सुटते. मेळघाटासाठी दर शुक्रवारी उपास करा, नाताळात जीपभर ब्लँकेटं नेऊन वाटा, फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाका. यात कोणाला खोट काढता येत नाही. घोळ एवढाच की पाचारण बहुतेकदा शेताच्या बांधापलीकडून, धुऱ्यापलीकडून येतं, जिथं चुलतभाऊ राहतो.

तो धुरा आजोबांच्या काळी दोन बैल शेजारी चालतील एवढा होता. दरवर्षी वखर वळवताना नांगराच्या एका रेघेएवढा इकडून सरकला, आता वीतभर उरलाय आणि हद्दीचा दगड तुमच्या तुरीत उभा आहे. मत्तय 5:23-24 म्हणतं, अर्पण करताना भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर ते वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आठवण वेदीपाशी होते ना? मग तिथवर जायचंच कशाला, मोबाइलवरून अर्पण पाठवा.

पाळक घरी आलेच तर "मोजणी होऊ द्या, मग बोलतो" म्हणा. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज, तारीख, त्या दिवशी पाऊस किंवा उभं पीक. मोजणी झालीच आणि दगड तुमच्याच तुरीत निघाला, तर हरकत घेऊन निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागा. एवढ्यात एखादी पिढी निघते.

आणि चुकून गेलातच, तर खरा धोका तिथं आहे. निनवेत योनानं एवढंच सांगितलं होतं की 40 दिवसांत नगर उलथेल. पण राजासकट सगळे गोणपाट नेसून बसले, देवानं माफ केलं आणि योना रुसून गावाबाहेर बसला. चुलतभाऊही दारात पाहताच "ये न बाप्पा, मीच येनार होतो" म्हणेल, वहिनी चहा टाकेल. विरघळू नका. दाराजवळच उभं राहा, चहाला हात लावू नका आणि बोरीचं झाड कोणाच्या हद्दीत येतं ते आधी विचारा.