डूख कसा धरावा

तुमचं कुणी काही वाकडं केलंय का? नसेल तर पुढे वाचू नका, निवांत झोपा. पण रात्री दोन वाजता उठून छताकडे बघत "थांब, दाखवतोच तुला" असं पुटपुटणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर स्पष्ट सांगतो, तुमचा अभ्यास कच्चा आहे. बोलणं टाकणं, लग्नाला न जाणं, गेलंच तर न जेवता परतणं, ही बिगरीतली कामं. डूख धरायचा तर अमेरिकेतल्या नॅन्टकेट या देवमाशांची शिकार करणाऱ्यांच्या बेटावरच्या कॅप्टन एहॅबसारखा. हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाने १८५१ साली 'मोबी-डिक' या कादंबरीच्या नावाने याचा अख्खा अभ्यासक्रम छापून ठेवलाय. १३५ प्रकरणं, वर उपसंहार. तेव्हा तो फारसा खपला नाही आणि मेलव्हिलला पुढे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात १९ वर्षं चाकरी करावी लागली, यावरून त्या काळच्या वाचकांची लायकी कळते.

शत्रू निवडण्यापासूनच माणसं चुकतात. शेजारी निवडतात, चुलतभाऊ निवडतात. माणूस हा शत्रू म्हणून बेभरवशाचा. एक दिवस दारात येऊन "चुकलं माझं" म्हणेल आणि तुमची वीस वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. एहॅबने मासा निवडला. जपानजवळच्या समुद्रात मोबी-डिक नावाच्या पांढऱ्या देवमाशाने त्याच्या होड्या फोडल्या, तेव्हा हा गडी सहा इंची सुरी घेऊन त्या डोंगराएवढ्या जनावरावर तुटून पडला आणि पाय गमावून बसला. आता हा हिशेब नीट समजून घ्या. अठराव्या वर्षी त्याने पहिला देवमासा मारला, त्यानंतर चाळीस वर्षं मारत आणि त्यांची चरबी कढवून पिंपं भरत राहिला. तो धंदा. एका माशाने एकदा उलट चावा घेतला. तो अन्याय! हे गणित ज्याला मनापासून पटतं, त्यालाच पुढचे धडे जमतील.

आता मुख्य गोष्ट. सूड कधीही स्वतःच्या जहाजातून घेऊ नये. 'पीक्वॉड' एहॅबचं नव्हतंच. मोठे हिस्से पेलेग आणि बिल्डॅड या दोन म्हाताऱ्या कॅप्टनांचे. उरलेले नॅन्टकेटच्या विधवांचे, अनाथ पोरांचे. कुणाची फूटभर फळी, कुणाचे एकदोन खिळे, अशी वाटणी. त्यांना सांगायचं, तेल आणायला चाललो. नाताळच्या दिवशी नांगर उचलायचा, किनारा दिसेनासा होईपर्यंत केबिनबाहेर तोंड काढायचं नाही. मग भर समुद्रात डेकवर येऊन खरा बेत सांगायचा. पोहत परत जाणारा कोण निघणार?

खलाशीही दुसऱ्याच्याच पोटाचे हवेत. देवमाशांच्या जहाजावर पगार नसे, निघेल त्या तेलात हिस्सा मिळे. गोष्ट सांगणाऱ्या इश्माएलचा तीनशेवा हिस्सा ठरला होता. बिल्डॅड तर त्याला सातशे सत्त्याहत्तराव्यावरच कटवायला निघाला होता. म्हणजे तुमच्या पांढऱ्या माशामागे गेलेला एकेक दिवस या पोरांच्या खिशातून जाणार. अशा वेळी त्यांना हिशेब सुचू द्यायचा नाही, काहीतरी चकचकीत दाखवायचं. एहॅबने इक्वेडोरची सोन्याची मोहोर काढली, किंमत सोळा डॉलर. काही न बोलता, स्वतःशीच गुणगुणत ती कोटाच्या टोकाला घासघासून लखलखीत केली आणि मधल्या डोलकाठीवर ठोकली. पांढरा मासा पहिल्यांदा ज्याला दिसेल, त्याची ही मोहोर! वर सगळ्यांना दारू पाजली. तीस माणसांचा जीव सोळा डॉलरात. इतकी स्वस्त खरेदी करून दाखवा.

मोहोर शेवटी कुणाला मिळाली? पाठलागाच्या पहिल्या दिवशी मासा आधी एहॅबलाच दिसला. टॅश्टेगो नावाचा भालाफेक्या म्हणाला, मलाही त्याच क्षणी दिसला. एहॅब म्हणाला, त्याच क्षणी नाही, मोहोर माझी. बक्षीस लावावं तर असं.

त्या मोहोरेसाठी हातोडा कुणी आणून दिला, माहीत आहे? स्टारबकने. एहॅबच्या खालोखालचा अधिकारी, जहाजावरचा एकमेव शहाणा माणूस. मुक्या जनावराचा कसला सूड, म्हणाला. तुमच्या सुडातून पिंपं किती भरतील आणि नॅन्टकेटच्या बाजारात त्याला भाव काय मिळेल, हेही त्यानेच विचारलं. एहॅबने छातीवर हात मारला. भाव इथे मिळेल! पुढे तळातली पिंपं गळायला लागली तेव्हा स्टारबक पुन्हा सांगायला गेला, तर एहॅबने त्याच्यावर बंदूक रोखली. तुमच्या पदरीही असा एखादा असावाच. तो दरवेळी विरोध करतो आणि दरवेळी हातोडा आणून देतो. (पुढे अमेरिकेत कॉफीच्या दुकानांना याचं नाव पडलं. शहाण्याच्या वाट्याला आलं ते एवढंच.)

जोडीला ज्योतिषी ठेवा. एहॅबने फेडल्ला नावाचा पारशी मालकांच्या नकळत जहाजावर दडवून आणला होता. आपल्याला ठाऊक असलेले पारशी जहाजं बांधतात. वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानाचं 'त्रिंकोमाली' बांधलं, ते इंग्लंडात आजही तरंगतंय. मेलव्हिलचा पारशी मात्र बुडवण्याच्या कामी. त्याने भविष्य सांगितलं की तुला मारील तर फक्त दोर. एहॅब हसला. दोर म्हणजे फाशी, मग समुद्रात मला मरण कुठलं! भविष्य आपल्याला हवं तसंच ऐकावं. त्याने झोप चांगली लागते. एहॅबला नाही लागायची, मुठी आवळून झोपल्यामुळे उठल्यावर तळहातात नखं रुतून रक्त आलेलं असायचं. पण ते जाऊ द्या.

या मार्गात सर्वात मोठा धोका वादळाचा नाही, सुखी माणसाचा आहे. एहॅबला तो भेटला. लंडनच्या 'सॅम्युएल एंडर्बी' जहाजाचा कॅप्टन बूमर, याच माशाशी झालेल्या झटापटीत हात गमावलेला. एकपायी एहॅबला त्याच्या जहाजावर शिडीने चढता येईना, तेव्हा चरबी उचलायच्या गळावर बसवून त्याला वर ओढून घेतला. बूमरने देवमाशाच्या हाडाचा हात पुढे केला, एहॅबने त्यावर देवमाशाच्या हाडाचा पाय टेकवला. केवढी जवळीक! आता दोघं मिळून दात-ओठ खातील असं वाटतं. तर हा बूमर डॉक्टरची चेष्टा करतो, हसतो आणि सांगतो की तो मासा नंतर दोनदा दिसला, पण मी होडी उतरवली नाही. एक हात गेला तेवढा पुरे, दुसरा घालवून काय करू? त्याच्या पोटात जहाजभर तेल असेल, पण त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

असल्या माणसापाशी क्षणभरही थांबू नये. एहॅबही थांबला नाही. मासा कुठल्या दिशेला गेला एवढं विचारून इतक्या तिरमिरीत खाली उतरला, की होडीतल्या फळीवर आदळून हाडाचा पाय तडकला आणि सुताराला नवा करावा लागला. माशाने एक पाय नेला होता. दुसरा सुडाने.

खऱ्या कॅप्टनांचंही असंच निराशाजनक. नॅन्टकेटचं 'एसेक्स' जहाज १८२० साली पॅसिफिकमध्ये एका देवमाशाने धडक देऊन खरोखरच बुडवलं. त्याचा कॅप्टन जॉर्ज पोलार्ड हालअपेष्टा सोसून घरी आला, दुसरं जहाज घेऊन गेला, तेही खडकावर फुटलं. मग गावात रात्रीचा पहारेकरी म्हणून राहिला. माशाचं नाव नाही, शपथ नाही, काही नाही. काय उपयोग?

शेवटचा धडा कठीण आहे, तो एकदाच वाचा. 'रेचेल' जहाजाचा कॅप्टन गार्डिनर तुमच्याच गावचा. माशामागे गेलेली त्याची एक होडी परतलेली नाही, तिच्यात त्याचा बारा वर्षांचा मुलगा आहे. अठ्ठेचाळीस तास जहाज भाड्याने द्या, शोधायला मदत करा, असं विनवतो. तुम्हालाही लहान मुलगा आहे, याची आठवण देतो. इथे नुसतं म्हणायचं, मला उशीर होतोय.

पुढचं सोपं आहे. पाठलागाच्या तिसऱ्या दिवशी स्टारबक ओरडून सांगतो की मासा तुमच्या मागे नाही, तुम्हीच त्याच्या मागे आहात. ऐकू नका. तुमच्याच भाल्याचा दोर तुमच्या गळ्यात पडेल, मासा जहाजाला भोक पाडेल, आणि 'रेचेल' आपला मुलगा शोधता शोधता दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला, शवपेटीला धरून तरंगणाऱ्या इश्माएलला, उचलून घेईल. मोहोर डोलकाठीवर ठोकलेली होती तशीच खाली गेली. ज्या खिळ्यावर ती होती तो कुठल्या विधवेच्या वाट्याचा, ते १३५ प्रकरणांत कुठेच लिहिलेलं नाही.