सदाफुलीची पाच पाने आणि बंद केलेली गोळी

गणेशचवथीपासून आमच्या वाड्याच्या, देवस्थानच्या आणि नातेवाइकांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: 'सदाफुली ही आयुर्वेदाने हजारो वर्षांपूर्वी सांगितलेली आपल्या मातीतली वनस्पती. रोज उपाशीपोटी पाच पाने चावून खा, २१ दिवसांत शुगर नॉर्मल, गोळ्या कायमच्या बंद. कॅन्सरचे महागडे इंजेक्शन याच पानांपासून बनते, पण डॉक्टर सांगत नाहीत. पांढऱ्या फुलाचीच घ्या. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. दहा जणांना पाठवा.'

मी गोव्यातल्या डिचोलीत औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो. हा मेसेज वाचून महिन्याच्या गोळ्या न्यायला न आलेली माणसे मला नावानिशी ठाऊक आहेत. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो. यातला एक अर्धा खरा आहे, आणि घोटाळा तिथेच आहे.

आधी 'हजारो वर्षे, आपली माती'. सदाफुली मूळची आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरची. अठराव्या शतकात तिचे बी पॅरिसला पोचले, तिथून लंडनच्या चेल्सी बागेत गेले, आणि १७५९ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला विंका रोझिया हे नाव दिले. आजचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. चरकात ती नाही, सुश्रुतात नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली खुद्द गोव्यात छापला गेला. त्यात भांग आहे, धोतरा आहे, आंबा-फणस आहे, सदाफुली नाही. परदेशी असणे हा काही गुन्हा नव्हे. काजू, मिरची, पपई समुद्रापलीकडूनच आली, ती वगळली तर गोव्याच्या रांधपात उरते काय? पण उपऱ्या झाडाला ऋषिमुनींचे सर्टिफिकेट चिकटवायची गरज नाही.

आता साखर. हा मेसेज गोव्यात एवढा का पळतो हे कळायला एक आकडा पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात मधुमेहाचे प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघाले: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे चवथीला गणपतीवर फळे-फुले टांगलेल्या माटोळीखाली जेवायला बसलेल्या दर चार मोठ्या माणसांत एकाला साखर. अशा घरांत फुकटच्या पानांचा उपाय वणव्यासारखा पसरणारच.

आमच्या शेजारच्या माईंचेच घ्या. त्यांनी ही पाने तीन आठवडे खाल्ली. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की वृंदावनाच्या कडेची पाच पाने खुडायची, धुवायची आणि डोळे मिटून चावायची. पान भयंकर कडू. त्यावर उतारा म्हणून वर माडाच्या गुळाचा खडा! साखरेच्या मेटफॉर्मिन गोळ्यांची पट्टी फ्रिजवर धूळ खात पडलेली. बाविसाव्या दिवशी मी ग्लुकोमीटर घेऊन त्यांच्या सोप्यावर गेलो. उपाशीपोटी २८६. "यंत्र बिघडलंय तुझं, पुता," म्हणाल्या. माझे स्वतःचे बोट टोचून दाखवले तेव्हा गप्प झाल्या.

माईंचे एकटीचे उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळते. उंदरांवरच्या काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने साखर उतरल्याचे दिसले आहे. पण उंदराला दिलेला मोजका अर्क वेगळा आणि अंगणातले पान वेगळे. माणसांवर रीतसर मोठ्या चाचण्या होऊन हे औषध म्हणून सिद्ध झालेले नाही. आणि समजा, पानाने खरेच साखर उतरते. मग ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू ठेवून वरून पाने खाणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊन तो भोवळ येऊन पडू शकतो. पान चालत नसेल तर गोळी बंद केलेल्याचे मूत्रपिंड आणि डोळे बिघडतात. दोन्हीकडून मार माणसालाच. शिवाय २१ दिवसांचा हिशेबही फसवा आहे. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. तीन आठवड्यांत 'कायमचे बरे' ठरवायला ती काही दसऱ्याची सोडत नव्हे.

जाता जाता, ज्या मेटफॉर्मिनला नावे ठेवतात तिचा पूर्वजही एक झाडच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रोपट्यातल्या द्रव्यावरून ती सुचली. फरक इतकाच की मूळ द्रव्य विषारी होते, ते बदलून, तोलून, प्रत्येक गोळीत नेमके ठरलेले मिलिग्रॅम बसवले. पानावर मिलिग्रॅम छापलेले नसतात.

आता तो अर्धा खरा मुद्दा. कॅन्सरची औषधे सदाफुलीतून निघाली, हे शंभर टक्के खरे. पण ती कशी निघाली ही गोष्ट मेसेजवाल्याने वाचली असती तर त्याने मेसेज पुढे ढकललाच नसता.

कॅनडात क्लार्क नोबल नावाचे डॉक्टर होते. इन्सुलिनच्या शोधात बँटिंगच्या हाताखाली आधी कोणी काम करायचे यावर १९२१ साली त्यांची आणि चार्ल्स बेस्टची नाणेफेक झाली आणि नोबल हरले, असे सांगतात. १९५२ साली याच क्लार्क नोबल यांना जमैकाहून एका ओळखीच्या डॉक्टरांचे पाकीट आले. आत सदाफुलीची पंचवीस पाने. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा पितात, बघा काही आहे का, अशी विनंती. क्लार्क निवृत्त झाले होते. त्यांनी पाने धाकटा भाऊ रॉबर्ट याच्याकडे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात धाडली.

म्हणजे मेसेजमधला दावा रॉबर्ट नोबल यांनी सत्तर वर्षांपूर्वीच तपासायला घेतला होता. त्यांनी पानांचा काढा प्राण्यांना तोंडाने दिला. साखर जवळजवळ हललीच नाही. मग अर्क टोचून पाहिला. साखर तेव्हाही जागच्या जागी, पण उंदीर आठवडाभरात मरू लागले, अंगावर गळवे येऊन. शोध घेता दिसले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आहेत आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबली आहे, म्हणून साधा जंतूही त्यांना मारून टाकतो आहे. नोबल यांच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. जे द्रव्य पांढऱ्या पेशी एवढ्या मारते, ते पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी ते द्रव्य वेगळे काढले, आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन जगापुढे आले. पाठोपाठ अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेतून व्हिनक्रिस्टिन आले. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही पहिल्या टप्प्यापासून देतात.

म्हणजे मधुमेहाचे औषध शोधताना हाती लागले ते पेशी मारणारे विष. त्या विषाला लगाम घालून औषध केले. मेसेज मात्र सांगतो, लगाम सोडा आणि घोडा घरात बांधा.

प्रमाण बघा. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. म्हणजे १ मिलिग्रॅमला अर्धा किलो, आणि मोठ्या माणसाला एका वेळी द्यायचा डोस काही मिलिग्रॅमचा. पाच हिरव्या पानांत कॅन्सर बरा करण्याइतके काय असणार? त्यात ही औषधे तोंडाने घेतली तर किती शोषली जातील याचा भरवसा नाही, म्हणून ती फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळते. चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले तर माणूस दगावतो. व्हिनक्रिस्टिनच्या वेष्टनावर 'इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक' अशा अर्थाचा इशारा उगाच छापत नाहीत. अशा चुकीने माणसे गेली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की हे औषध सिरिंजमध्ये भरून ठेवू नका, सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्या. आणि 'डॉक्टर सांगत नाहीत' म्हणणाऱ्याने बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन केमोथेरपी देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारावे. पाच मिनिटांत सांगतील.

इथे चौकस वाचक मला पकडणार: पाच पानांत औषधापुरते नाही म्हणतोस, मग अपाय तरी कसला? रास्त प्रश्न. धडधाकट माणसाने एकदा पान चघळले तर बहुधा तोंड कडू होण्यापलीकडे काही व्हायचे नाही. पण मेसेज एकदा पाठवला की पाचाची पंधरा होतात, पानांचा काढा होतो, मग मुळेही उकळतात. या झुडपात शंभरावर अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी रसायने, आहेत. मुळांतले अजमॅलिसिन रक्तदाबावर काम करते, म्हणजे बीपीची गोळी घेणाऱ्याला आणखी एक खड्डा. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००४ साली सदाफुली घेतल्यामुळे अस्थिमज्जा गंभीररीत्या दबल्याची नोंद केली आहे. थेट नोबलच्या उंदरांसारखे. गरोदर बाईने तर तिच्या वाटेलाही जाऊ नये. 'नैसर्गिक' म्हणाल, तर सदाफुली कण्हेरीच्या कुळातली. कण्हेरही नैसर्गिकच, ती खाल्ल्याने काय होते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. वाड्यावरच्या बकऱ्या जास्वंदीचा फडशा पाडतात आणि सदाफुलीला तोंड लावत नाहीत.

पांढऱ्या फुलाची गोष्ट एका ओळीत संपते: अल्कलॉइडे गुलाबीतही असतात, पांढरीतही.

झाड मात्र लावाच. आमच्याकडे चिऱ्याच्या गडग्याच्या फटीतही ते आपसूक येते. उन्हाची जागा आणि निचऱ्याची माती एवढेच त्याचे मागणे. गोव्यात ते मरते ते पावसात. जुलैत बुंध्याशी काळे पडते आणि दोन दिवसांत मान टाकते, कारण मुळाशी पाणी साचून बुरशी धरते. कुंडीत तांबडी खडी मिसळा आणि पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून आत ओढा. शेणखताचा मारा केला तर पाने माजतात आणि फुले रुसतात. जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा पिवळट झाल्या की तडकण्याआधी काढा. आतले काळे बी पाऊस सरल्यावर पेरा आणि मातीने नीट झाका, त्याला उगवायला काळोख लागतो. तमिळनाडूत तिची शेती होते आणि पाने-मुळे औषध कंपन्यांना जातात. त्यांच्याकडे यंत्रे आहेत, आपल्याकडे पाटा-वरवंटा.

हे सगळे मी काल माईंना सोप्यावर बसून वाचून दाखवले. गोळी पुन्हा सुरू झाली आहे, फुले आता फक्त देवाला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांचा एकच प्रश्न होता.

"पाने नकोत, समजलं. पण तो गुळाचा खडा तरी?"

नको म्हटले, तेव्हा मात्र खऱ्या रागावल्या.