परवाना नको म्हणता, मग नोंद तरी?

नमस्कार दादा. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एअरगनची, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा सोडणाऱ्या बंदुकीची, मालकाच्या नावानिशी नोंद व्हावी, आणि बंदूक दुसऱ्याकडे गेली की नावही बदलावं. त्यावर तुम्ही म्हणता, स्कॉटलंडचे कायदे आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कशाला? माकडं मका-नारळ फस्त करतात तेव्हा सरकार कुठं असतं? आणि नोंद म्हणजे कन्नडमधला फॉर्म, पोलीस ठाण्याच्या खेपा, वर चिरीमिरी.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं तुमचं दुखणं खरं आहे. सीमाभागात कागद म्हटला की पोटात गोळा येतो. उतारा कन्नडमध्ये, नावात चूक झाली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे. परिपत्रकं मराठीतून द्या ही मागणी किती जुनी, ते तुम्हाला काय सांगायचं! पीक राखायला परवान्याची बंदूक घेतलेल्यांना तर निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, तोवर रानडुकरांना मोकळं रान. म्हणूनच मी परवाना मागितलेला नाही. परवान्यात साहेब ‘नाही’ म्हणू शकतो. नोंदीत दुकानदारानं बिलावर बंदुकीचा नंबर लिहायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आणि प्रत ठाण्यात पोचवायची. खेप त्याची, तुमची नव्हे.

स्कॉटलंडचं म्हणाल तर 2005 मध्ये ग्लासगोत दोन वर्षांचं पोर एअरगनच्या छर्र्यानं गेलं. 2015 ला कायदा झाला आणि 31 डिसेंबर 2016 पासून तिथं प्रमाणपत्राशिवाय एअरगन बाळगता येत नाही. पीक राखणं हे कारण तिथंही चालतं. परदेश नको असेल तर अरुणाचल घ्या. मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून सुरुवात झाली आणि पाखरं वाचावीत म्हणून लोकांनी आपणहून एअरगन आणून दिल्या.

आता आपल्या नियमांकडे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा आतला व्यास 0.177 इंचापर्यंत आणि सुटणाऱ्या छर्र्याची ताकद 20 ज्यूलपर्यंत (ज्यूल हे ऊर्जेचं माप) असेल तर परवाना लागत नाही. कागदावर ठीक. पण नळी बिजागरीवर खाली वाकवून अंगठ्यानं छर्रा दाबायचा, त्या साध्या एअरगनमध्ये ताकद असते स्प्रिंगची, आणि स्प्रिंग बदलता येते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटरनं सुटला तर 10 ज्यूल होतात, 283 ला पोचला की 20 ची हद्द ओलांडली. बाहेरून बंदूक तीच, रंग तोच. ज्यूल मोजायचं यंत्र कुठल्या ठाण्यात असतं? म्हणजे नियम मोडला हे कळणार कधी, तर कुणाचा डोळा गेल्यावर. डोळ्याला तर 10 ज्यूलसुद्धा फार झाले. अशा वेळी बंदूक कुणाची हे शोधायला निदान नंबर तरी हवा की नाही?

माकडांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. छर्र्यानं माकड सहसा जागेवर मरत नाही. छर्रा मांसात रुततो, जखम चिघळते, आणि टोळी दुसऱ्या दिवशी पुन्हा मक्यात हजर. टोळी पळते ती आवाजाला भिऊन, आणि आवाज फटाक्याचाही होतो. शिवाय बंदूक माकडांसाठी आणली तरी घरातली पोरं ती घेऊन मोराच्या मागं लागतात, हे जांबोटी-कणकुंबीकडं कुणाला नवीन नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच, आणि मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. भीमगड अभयारण्य शेजारी असताना वनखात्यानं अशी केस धरली तर जामिनाचा खर्च माकडांनी खाल्लेल्या मक्यापेक्षा जास्त होईल. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी यासाठी मोर्चा काढा, मी येतो. पण ते भांडण वनखात्याशी आहे, त्यात एअरगनला वकील करू नका.

जाता जाता, तुम्ही लिहिलंय की घरात वडिलांच्या वेळची ‘टू-टू’ एअरगन आहे. नळीवरचा आकडा एकदा नीट बघा. 0.22 म्हणजे साडेपाच मिलिमीटर असेल, तर तिला 2016 च्या नियमांखाली आजच परवाना लागतो, माझी नोंद येवो न येवो.