‘रंगसफेदी’बद्दल थोडंसं, म्हणजे बरंच

निनावी वाचक,

बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवरच्या लेखाखाली आपण तीन गोष्टी लिहिल्यात. एक, १९३६ ची हॉकी फायनल या स्टेडियममध्ये झालीच नव्हती. दोन, धावण्याच्या ट्रॅकमुळे फुटबॉल बघणाऱ्याला मैदान लांब पडतं आणि स्टेडियमच्या नूतनीकरणावर २४ कोटी २० लाख युरो ओतूनही ट्रॅक तसाच ठेवला, यावर लेखात चकार शब्द नाही. तीन, "हिटलरच्या वास्तूला त्यांनी रंगसफेदी केली, लेखात तुम्हीही तेच केलंत, काका."

पहिलं मान्य. भारताने जर्मनीला ८-१ असं लोळवलं ते शेजारच्या हॉकी स्टेडियममध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आता ‘काका’. स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि समोरच्याला नातं चिकटवून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? मतभेद असू शकतात, पण ते जरा नीट मांडता येतात.

राहिली रंगसफेदी. स्टेडियमचं हे नूतनीकरण चालू असताना मी बर्लिनमध्येच राहत होतो आणि तिथे खेळणाऱ्या हेर्था या फुटबॉल क्लबचा सीझन पास माझ्या खिशात असायचा. २००० ते २००४ काम चाललं, पण सामने थांबले नाहीत. एका बाजूला क्रेन, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि नाकात सिमेंटची धूळ. तुम्ही तेव्हा कुठे होता, विचारत नाही.

काम सुरू होण्याआधी त्या शहरात यावर कडाक्याचे वाद झाले होते. कोणी म्हणे पाडा आणि नवं बांधा, कोणी म्हणे रोमच्या कलोसियमसारखं ढासळू द्या. पुसायचंच असतं तर पाडणं सोपं होतं. त्याऐवजी बाहेरची दगडी वास्तू राखली, मैदान २.६५ मीटर खाली नेलं आणि २० खांबांवर नवं छप्पर उभारलं. हे छप्पर मॅरेथॉन दरवाज्यापाशी मुद्दाम तोडलंय. त्या फटीतून समोर १९३६ च्या आराखड्यातला घंटेचा मनोरा दिसतो. छप्पर गोल पूर्ण केलं असतं तर तो झाकला गेला असता. याला रंगसफेदी म्हणतात? १९४७ मध्ये ब्रिटिशांनी जुना मनोरा सुरुंगाने उडवला (आताचा नंतर बांधलेला), तेव्हा तडकलेली घंटा आजही बाहेर मांडून ठेवलीय. बाजूच्या रस्त्याला नाव आहे जेसी ओवेन्सचं, म्हणजे हिटलरच्या त्याच ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूचं.

शिवाय ‘हिटलरची वास्तू’ म्हणताना थोडा इतिहासही बघायचा असतो. त्याच जागी १९१३ मध्ये ओटो मार्ख यांनी १९१६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं होतं. महायुद्धामुळे ते ऑलिंपिक झालंच नाही. १९३६ चं स्टेडियम त्यांच्याच मुलाने, वेर्नरने बांधलं. आणि त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनला कबड्डी दाखवून आली. त्यांच्याही हातात तुम्हाला चुन्याची बादली दिसते का?

ट्रॅकचं म्हणाल, तर २००९ मध्ये उसेन बोल्ट त्याच निळ्या ट्रॅकवर ९.५८ सेकंदांत शंभर मीटर धावला. विषय संपला. गोलामागे बसलं की पलीकडचा गोल नीट दिसत नाही, हे खरं आहे. मी दुर्बीण नेत असे. पण त्यासाठी लेखात वेगळा परिच्छेद कशाला हवा?

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली, तरच उत्तर देईन.